हाफ क्लचचा ऑक्टोबर

पाऊस जातो आणि डोंबिवलीत धूळ येते. जूनपासून ज्या खड्ड्यांतून आपण चिखल उडवत गेलेलो असतो, तोच चिखल वाळतो, चाकांखाली दळला जातो आणि हवेत तरंगायला लागतो. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आकाश धुतल्यासारखं निळं, उन्हाला धार, आणि संध्याकाळ अशी लवकर येऊन टेकते की दिवसातून कुणीतरी तासभर कापून घेतलाय असं वाटत राहतं. मी शाळेत भूगोल शिकवते. परतीच्या मोसमी वाऱ्यांचा धडा दरवर्षी याच दिवसांत येतो. जमीन अजून ओली, वर ढग नाहीत, म्हणून उकाडा जास्त, असं मी फळ्यावर लिहिते तेव्हा माझी पाठ घामानं भिजलेली असते. मुलींना वाटतं, बाई उकाड्यानं हैराण झाल्यात.

उकाडा असतोच. पण ऑक्टोबर लागला की माझा डावा पाय बसल्या जागी हलायला लागतो. स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत असते, टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा आपला वर-खाली, वर-खाली. शेजारच्या बाई म्हणतात, "अगं, टेबल हलतंय." मी पाय थांबवते. दोन पेपर झाले की तो पुन्हा सुरू.

या आठवड्यात कल्याणहून येताना पत्री पुलाच्या चढावर अडकले. पुढे रिक्षा, मागे पाण्याचा टँकर, दोन्ही बाजूंना दुचाकीवाले हँडल घुसवून उभे. रांग दोन हात सरकायची आणि थांबायची. गाडी सरकवणं आता मला अवघड जात नाही, पाय आपोआप करतात. तरीही पूल उतरून खाली आले तेव्हा तळहात ओले होते, आणि घरी येऊन चहा टाकला तरी मी उभ्याउभ्याच होते, बसवेना.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी गाडी शिकले. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

त्याआधी गाडी म्हणजे मिलिंदचं खातं. मिलिंद माझा नवरा. त्याचं ऑफिस घोडबंदर रोडला, आणि डोंबिवलीहून तिथे रोज गाडीनं जाणं हा त्याला त्रास वाटायच्याऐवजी पराक्रम वाटायचा. कुठल्या वेळी शिळफाट्याला किती मिनिटं अडकायला होतं, माजिवड्याला कुठल्या लेनमध्ये राहायचं, सगळं तोंडपाठ. गाडी साधी, जुनी, गिअरची. ऑटोमॅटिक गाड्यांना तो नावं ठेवायचा. "ते चालवणं नव्हे, बसणं आहे," म्हणायचा. मी डाव्या सीटवर बसून पाण्याची बाटली उघडून द्यायची, एवढंच माझं काम. मुलगी जुई मागे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही जुईला चित्रकलेच्या परीक्षेला कल्याणला नेत होतो. ती नववीत होती. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात रंगांच्या पाण्याचा डबा. पत्री पुलाच्या चढावर रांग लागलेली. मिलिंद सांगत होता, "परत येताना आपण त्या टिटवाळ्याच्या फ्लॅटच्या साइटवर जाऊन..." आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. मला वाटलं पुढे काहीतरी दिसलं असेल. मी पुढे बघितलं. पुढची गाडी आमच्यापासून लांब जात होती. मग कळलं की ती जागेवरच आहे, आम्हीच मागे जातोय.

मी वळून बघितलं तर मिलिंदची मान एका बाजूला ओढली गेलेली, दात घट्ट मिटलेले आणि उजवा हात स्टिअरिंगवर आपटत होता. हँडब्रेक आमच्या दोघांच्या मधोमध होता. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. तो हँडब्रेक आहे हे मला माहीत होतं. तो ओढायचा असतो हे त्या वेळी सुचलं नाही. मी नुसती "मिलिंद, मिलिंद" करत राहिले. सात-आठ फूट मागे जाऊन आम्ही भाजीच्या एका टेम्पोवर आदळलो. जोरात नाही, पण रंगाचं पाणी जुईच्या सगळ्या अंगावर सांडलं.

टेम्पोवाला शिव्या देतच आला. दार उघडलं, मिलिंदकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम बंद झाला. आत वाकून त्यानं हँडब्रेक ओढला. मग मला म्हणाला, "ताई, यांना कुशीवर करा." दोन वाक्यांपूर्वी जो शिव्या देत होता त्याच आवाजात, पण वेगळ्याच माणसासारखा.

जुईची परीक्षा बुडाली. मिलिंदला ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, फिट होती, गोळ्यांनी आटोक्यात राहील. "आधी कधी काही जाणवलं होतं? हात उडणं, वास येणं, मुंग्या?" मिलिंद म्हणाला, "नाही." डॉक्टरांनी लिहून घेतलं. "निदान वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू."

या वाक्यानं मिलिंद जितका खचला तितका आजाराच्या नावानं नाही.

नवरात्र जवळ आलं आणि ऊन तापायला लागलं. ऑफिसनं त्याला घरून काम करू दिलं. लॅपटॉपसमोर तो दहा मिनिटं बसायचा, उठायचा, गॅलरीत जायचा, खाली बघायचा. खाली आमची गाडी. मग चप्पल घालायचा. "बॅटरी उतरेल," म्हणायचा. खाली जाऊन गाडी सुरू करायचा, आत बसून राहायचा, बंद करायचा, वर यायचा. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. मी शाळेत असताना किती वेळ, ते मला कळायचं नाही. एकदा घरी आले तर गाडी नेहमीच्या जागेपेक्षा थोडी पुढे होती. अगदी हातभर. बोनेटला हात लावला, गरम होता.

"मिलिंद, तू गाडी काढलीस?"

"गेटपर्यंत. वळवून आणली. टायर एकाच जागी राहून चपटे होतात."

त्या दिवशी मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. त्यानं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघाले तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "वैजू, मी लहान मूल आहे का?" किल्ली पर्समध्ये घेऊन मी नदीखोऱ्यांवरचा तास घेतला, आणि तास संपता संपता ठरवलं. किल्ली माझ्याकडे राहायची असेल तर ती माझी असायला हवी. नुसती लपवलेली चालणार नाही.

मिलिंदनंच शिकवायला घेतलं. रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर. तो पहिल्यांदा डाव्या सीटवर बसलेला, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. "क्लच सोड. सोड हळू. हळू म्हटलं ना! रेस दे. अगं एवढी नाही!" गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्यानं डॅशबोर्डवर मूठ मारली. मी उतरले आणि चालत घरी आले. भर उन्हात, दोन किलोमीटर. तो गाडीपाशीच उभा राहिला असणार, कारण चालवता येणारा चालवू शकत नव्हता आणि चालवू शकणारीला चालवता येत नव्हती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना पाठवून गाडी आणवली. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा दोन दिवस आम्ही बोललो नाही.

मग सुमनताई.

शाळेतल्या शिपाई मावशींनी त्यांचं नाव सांगितलं. कल्याण-शिळ रस्त्याच्या आतल्या गावातल्या. पंचावन्न-छप्पन्नच्या. पंजाबी ड्रेस, वर पुरुषी शर्ट, केसांत मात्र अबोलीचा गजरा. त्यांच्या घरची भातशेती होती, तिथे आता वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. भाऊ जागांच्या व्यवहारात गेले. सुमनताईंना टेम्पो चालवता यायचा, वीस वर्षं त्यांनी मार्केटला भाजी नेलेली. "भात गेलं, बैल गेलं," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मना येत व्हती ती ही गारी. मंग बायकांना शिकवाया लागली." गाडीला त्या गारी म्हणायच्या. आठवडाभरात मीही मनातल्या मनात गारीच म्हणायला लागले.

सपाट रस्त्यावर मी लवकर शिकले. चौथ्या गिअरवर टाकून खोणीच्या रस्त्याला गेले तेव्हा दोन्ही बाजूंनी उरलंसुरलं भात पिवळं पडायला आलं होतं, त्याचा कोरडा गोडसर वास खिडकीतून आत येत होता, आणि क्षणभर वाटलं, हे तर मजेचं आहे. मग सुमनताई म्हणाल्या, "चल, आता पुलावर."

ठाकुर्लीच्या पुलाचा चढ चालत जाताना जाणवतसुद्धा नाही. पण चढावर गाडी थांबली, की रस्ता उभा राहतो. समोर आकाशच दिसतं. ब्रेकवर उजवा पाय, क्लचवर डावा. ब्रेकवरचा पाय उचलून रेसवर न्यायचा, आणि तेवढ्या वेळात गाडी मागे यायच्या आत क्लचनं तिला धरायची. ते दोन सेकंद. मला त्या दोन सेकंदांत पुढचा रस्ता दिसायचाच नाही, मिलिंदचं अर्धवट वाक्य ऐकू यायचं. पाय गडबडायचा आणि गाडी मागे. पहिल्या दिवशी एक रिक्षा जेमतेम वाचली.

"ओ काकी, मागे बघा!" रिक्षावाला ओरडला.

सुमनताईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "थांब रं! शिकते ती. तू काय आईच्या पोटात शिकलेलास?"

मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली. "ब्रेक, ब्रेक काय करतेस? हँडब्रेक वढ. वढलास? आता गारी कुठं जानार नाय. पाय मोकला झाला तुजा. आता क्लच सोड, पन पायाकरं बगू नको. कान दे गो. गारी बोलते."

मी कान दिला. क्लच हळूहळू वर येऊ लागला. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बसला, जडावला, गळा दाटून आलेल्या माणसासारखा. बोनेट किंचित वर उचललं गेलं. स्टिअरिंगमधून हातांत थरथर आली.

"हा. हाफ क्लच. इथंच ऱ्हा. आता ती वर जाया बगते आनि ब्रेकनं धरलीय. जरा रेस दे. आनि सोड हँडब्रेक."

सोडला. गाडी मागे गेली नाही. हलली ती पुढेच. मी पुलाच्या माथ्यावर पोचले आणि रडायला लागले. सुमनताई म्हणाल्या, "रर, पन रस्ता बगून रर."

त्या दिवसांत मला कुठेच धड बसवत नव्हतं. शाळेत असले की घरी मिलिंद काय करत असेल, घरी असले की उद्याचा पूल. भाजी चिरताना डावा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. मिलिंद संध्याकाळी विचारायचा, "काय शिकवलं आज?" आणि मी सांगितलं की त्यात चूक काढायचा. हँडब्रेकवर चढ घेणं म्हणजे नवशिक्यांचं काम, खरा ड्रायव्हर नुसत्या क्लचवर धरतो, वगैरे. मी म्हटलं, "नवशिकीच आहे मी." तो गॅलरीत निघून गेला. समोरच्या इमारतीत दांडियाची प्रॅक्टिस चालू होती, तेच एक गाणं पुन्हा पुन्हा, आणि तो कठड्याला धरून उभा होता, जणू हात सोडला तर कठडाच खाली जाईल.

जुईचं वेगळंच. ती गाडीत बसायची नाही. क्लास दीड किलोमीटरवर, दप्तर हे एवढं, दुपारचं ऊन. सुमनताईंसोबत मी तिच्या क्लासवरून जायचे तेव्हा म्हणायचे, "चल सोडते." ती म्हणायची, "मला चालायला आवडतं." चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि म्हणे आवडतं. मी समजत होते की ती घाबरलीय. कोण नाही घाबरणार? मी तिला जवळ घेऊन सांगितलं, आता मी हँडब्रेक ओढायला शिकलेय. ती म्हणाली, "माहितीये गं आई," आणि अंग सोडवून घेतलं. चित्रांची वही तिनं त्या सकाळनंतर उघडली नव्हती.

परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले तेव्हा मी हँडब्रेक दोनदा ओढून बघितला. पण आरटीओच्या मैदानावरचा चढ रांगोळीच्या पाटाएवढा निघाला. मी चढले, थांबले, उचलली, उतरले. लायसन्स आलं. सुमनताईंनी मला पेढा भरवला आणि बजावलं, "मुंब्र्याच्या बायपासला एवढ्यात नको जाऊ. तिथं मोठं टेलर असतात. तिथं गारी नाय, काळीज लागते."

दिवाळी आठवड्यावर आली होती. शनिवारी मिलिंदला ठाण्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आधी दोनदा आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलेलो. या वेळी मिलिंदनं किल्ली माझ्या पर्समधून काढून माझ्या हातात दिली. "तू ने," म्हणाला. आवाजात ना राग, ना प्रेम. मला तेवढंही पुरलं. जुई घरी कंदील करत बसणार होती.

शिळफाट्यापर्यंत ठीक. मग बायपास आणि पारसिकच्या डोंगराचा चढ. डोंगरावरचं गवत वाळून तांबूस झालेलं, मधून काळा कातळ उघडा पडलेला, खाली मुंब्र्याच्या इमारती एकमेकींना खेटून. आणि पुढे-मागे बंदरातून आलेले ट्रेलर, लांबच लांब, लोखंडी डब्यांसकट. गरम ब्रेकचा जळका वास. कुठेतरी वर एक गाडी बंद पडली असावी, कारण रांग मुंगीच्या पायानं सरकत होती. थांब, हँडब्रेक, हाफ क्लच, उचल. थांब, हँडब्रेक, हाफ क्लच, उचल. चार वेळा झालं. सहा वेळा झालं. मांडी थरथरायला लागली.

सातव्या वेळी गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या खेपेला घाईत हँडब्रेक आधी सुटला आणि गाडी हातभर मागे गेली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आरशात बघितलं तर मागच्या ट्रेलरची जाळी आणि तिला टांगलेली लिंबू-मिरची, बाकी काही नाही. त्यानं भोंगा वाजवला. तो आवाज कानात नाही, पोटात ऐकू आला.

मला वाटलं मिलिंद आता ओरडेल. त्यानं पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरला. कडेचा एक दगड उचलला. मागे गेला. चाकामागे दगड सरकवल्याचा आवाज आला. मी वाट बघत होते की तो परत येऊन बसेल. आरशात त्याचा पांढरा शर्ट दिसला. तो माझ्या गाडीच्या मागे, ट्रेलरच्या पुढे, मधल्या चार-पाच फुटांत उभा होता.

"मिलिंद, आत ये!"

"दगड लावलाय. उचल तू."

"तू बाजूला हो आधी!"

"उचल म्हणतो ना!"

गेला महिनाभर हा माणूस म्हणत होता की आपला आता कुणाला उपयोग नाही. ते मला आठवलं. आठवायला नको होतं, नेमकं तेव्हाच आठवलं. आरशातला तो पांढरा शर्ट हलत नव्हता. पुढची गाडी पुढे गेली होती, मागून दहा भोंगे वाजत होते. मी उतरून त्याला ओढून आणावं, तर ब्रेकवरचे पाय उचलायचा धीर होईना; हँडब्रेक एकदा सुटला होता, पुन्हा सुटला तर गाडी त्याच्याच अंगावर. मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हँडब्रेक ओढला. गाडी सुरू केली, पहिला गिअर. डोळे पुढे घेतले, आरशात बघायचं नाही म्हणून. क्लच सोडत गेले. भोंग्यांच्या त्या कल्लोळात इंजिनाचा आवाज ऐकू येईना. मी वाट बघितली. कधी नव्हे ती घाई केली नाही. मग तळपायात थरथर आली, बोनेट उचललं. अजून जरा रेस. हँडब्रेक सोडला.

गाडी पुढे गेली. बोटभरही मागे न जाता.

आणि मग मला थांबता येईना. थांबले की पुन्हा तेच. मी पहिल्या गिअरवर गुरगुरत चढत राहिले, माथ्यावर रस्ता रुंद होतो तिथे कडेला घेतली आणि उतरून खाली बघत उभी राहिले. ऊन डोक्यावर. ट्रेलरमागून ट्रेलर येत होते, त्यांच्या वाऱ्यानं ओढणी उडत होती. मिलिंद चालत येईल. कडेकडेनं येईल. उन्हात चालताना पुन्हा झालं तर? ट्रेलरच्या चाकाशी झालं तर? फोन त्याचा गाडीतच पडलेला. किती वेळ गेला माहीत नाही. तोंडाला लोखंडी चव आली होती, मी ओठ चावला होता.

मग तो लिंबू-मिरचीचा ट्रेलर माथ्यावर आला, माझ्यापाशी थांबला, आणि वरच्या केबिनमधून मिलिंद उतरला.

ड्रायव्हर साठीचा, गळ्यात गमछा. खिडकीतून वाकून मला म्हणाला, "मॅडम, इनको समझाओ. ऐसे गाडी के पीछे खडे नहीं रहते. आप थोडा भी पीछे आता ना, तो मैं क्या करता? मेरा भी ब्रेक है, भगवान थोडी है." आणि गेला.

मी मिलिंदच्या दंडावर मारलं. दोनदा, तीनदा. जाणारे-येणारे बघत होते.

"का उभा राहिलास मागे?"

"दगड लहान होता. सरकला असता."

"खरं सांग."

तो कठड्यापाशी गेला. खाली खाडीचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. तिकडेच बघत म्हणाला, "मागे येणारी गाडी कशी दिसते, ते बघायचं होतं. त्या दिवशी मी आत होतो. जुई मागे होती."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"वैजू, डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. त्या आठवड्यात दोनदा अंगठा उडालेला. आपला आपण. एकदा ऑफिसात, एकदा दाढी करताना. आणि त्या दिवशी सकाळी, पार्किंगमध्ये. मला कळलेलं काहीतरी आहे. सांगितलं तर गाडी जाईल, असं वाटलं. मी तरी गाडी काढली."

माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. महिनाभर मी ज्याच्या दुःखाभोवती चवड्यांवर चालले, त्यानं माझ्या मुलीला मागे बसवून, कळत असताना, तो चढ चढवला होता. मी गाडीत जाऊन बसले. तोही बसला. पलीकडचा उतार उतरून मी खारेगावपर्यंत गाडी नेली. रागात माझे पाय अजिबात चुकले नाहीत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

डॉक्टरांना त्यानं स्वतःच सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, गोळ्या बदलल्या. "हे आधी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. परतताना गाडीत मिलिंद म्हणाला, "जुईलाही सांगायला हवं." मी म्हटलं, "तूच सांग. मी मदत करणार नाही."

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. जुई हॉलच्या फरशीवर बसली होती, पुढ्यात कंदिलाच्या काड्या, पतंगाचा कागद, खळ. मिलिंद चपला न काढता तिच्यासमोर फरशीवर बसला. त्यानं सगळं सांगितलं. अंगठ्याचं, दाढीचं, पार्किंगचं. आडवळणं घेतली नाहीत. जुई करंज्या कापत राहिली, कंदिलाच्या कडेला लावायच्या कागदी करंज्या. कात्रीचा आवाज येत राहिला.

मग ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मिलिंदला कळलं नाही. मलाही.

"मी मागून बघितलेलं, बाबा. पुलाच्या आधी. तुझा अंगठा स्टिअरिंगवर उडत होता. आधी वाटलं तू ताल धरलायस. मग वाटलं, नाही, हे काहीतरी वेगळंय. मी विचारणार होते. पण परीक्षेला उशीर होत होता, म्हणून..." तिनं कात्री खाली ठेवली. "मी विचारलं असतं तर आपण थांबलो असतो ना?"

महिनाभर ती उन्हातून का चालत होती, ते तेव्हा मला कळलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मी मिलिंदकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता नीट बोल, एवढं एकदा नीट बोल.

मिलिंदनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "तू विचारलं असतंस तर मी हसलो असतो. म्हटलं असतं, काही नाही गं, ताल धरलाय. आणि तसाच पुलावर गेलो असतो. जुई, तू काहीही केलं असतंस तरी मी थांबलो नसतो."

जुईनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्या सगळ्या ऑक्टोबरात पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. त्यानं तिला खळीच्या हातांसकट जवळ घेतलं.

पण मी मिलिंदला वीस वर्षं ओळखते. जुईनं काही विचारलं की तो रस्त्याच्या मधोमधसुद्धा थांबायचा. त्या संध्याकाळी तो तिच्याशी खरं बोलला की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.